बाटलीत काय आहे?

'पेटंट औषध' या शब्दातच पहिली थाप आहे.

पेटंट घ्यायचं म्हणजे आपली कृती सरकारदरबारी लिहून द्यायची, आणि मुदत संपली की ती कुणीही वापरायला मोकळं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'पेटंट' म्हणून ज्या गोळ्या, मलमं आणि अर्क विकले जायचे, त्यांच्या मालकांना नेमकं हेच नको होतं. त्यामुळे त्यातल्या फारच थोड्यांचं खरोखर पेटंट होतं. बाकीचे आपलं नाव, डबीचा आकार आणि वेष्टणावरची सही यांचा हक्क राखून ठेवायचे. आत काय आहे ते मात्र गुलदस्त्यात.

दुसरी थाप त्याहून गमतीची. १७८३ पासून ब्रिटिश सरकारने या औषधांवर कर बसवला होता. एक शिलिंगाच्या डबीवर दीड पेनीचा स्टँप लावायचा. म्हणून त्या काळच्या जाहिरातींत किंमत नेहमी 'एक शिलिंग दीड पेनी' अशी विचित्र दिसते. गिऱ्हाईक बिचारं काय बघणार? डबीवर सरकारी कागद चिकटवलेला. म्हणजे सरकारने तपासलेलं असणार! कंपन्याही जाहिरातीत बजावून सांगायच्या की सरकारी स्टँप नसेल तर माल नकली समजा. शेवटी 'हा स्टँप म्हणजे सरकारी हमी नव्हे' असं त्या स्टँपवरच छापायची वेळ आली. पण कर घेणं काही थांबलं नाही. तो पार १९४१ पर्यंत चालू होता.

गेले काही महिने या जुन्या जाहिराती बघायचा मला नाद लागलाय. रात्रीची आवराआवर झाली की संगणकासमोर बसायचं आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी वर्तमानपत्रं चाळायची. बातम्या राहतात बाजूला, नजर जाते ती जाहिरातींवर. अशा जाहिराती हल्ली लोक एकमेकांना पाठवतात आणि खाली हसरे चेहरे टाकतात. "काय खुळी होती माणसं!" मला या हसण्याबद्दलच लिहायचंय. माझं म्हणणं असं की हे हसणं निरुपद्रवी नाही. त्याचा फायदा त्या काळीही विकणाऱ्यालाच झाला आणि आजही होतो. कसा ते सांगते, पण आधी मंडळींची ओळख करून देते.

पहिले थॉमस हॉलोवे. १८३७ साली यांनी लंडनमध्ये मलम विकायला सुरुवात केली, पाठोपाठ गोळ्या आल्या. यांचा खरा धंदा औषधाचा होता की जाहिरातीचा, हे सांगणं कठीण. १८४२ साली त्यांनी जाहिरातींवर ५,००० पौंड खर्च केले, आणि १८८३ मध्ये ते वारले तोवर हा आकडा वर्षाला ५०,००० पौंडांच्या घरात गेला होता. तुर्की, अरबी, चिनी अशा भाषांत माहितीपत्रकं छापली जायची. इंग्रजांचं जहाज जिथे जिथे लागायचं तिथे हॉलोवेच्या गोळ्या उतरायच्या. अपचन, यकृत, त्वचा, अशक्तपणा, बायकांचे विकार, सगळ्यावर त्याच गोळ्या.

दुसरे थॉमस बीचम, लँकेशरातल्या सेंट हेलेन्सचे. यांचं घोषवाक्य होतं, डबी गिनीच्या मोलाची. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि डबी मिळायची एक शिलिंग दीड पेनीला. म्हणजे घेणाऱ्याला वाटायचं, आपण लुटूनच आणली!

पुढे १९०९ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, अशी औषधं बाजारातून आणून तपासली आणि 'सीक्रेट रेमेडीज' नावाचं पुस्तक काढलं. बीचमच्या गोळ्यांत काय निघालं? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. बस. ५६ गोळ्यांच्या आतल्या मालाची किंमत त्यांनी काढली, ती सुमारे अर्धा फार्दिंग. आता एका पेनीचे चार फार्दिंग, तेव्हा गणित तुम्हीच करा. मी केलं. विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट येते. जपमाळेइतकी! :)

आता मुद्द्याचं. कोरफडीचा बोळ हा जबरदस्त रेचक आहे. म्हणजे ही गोळी घेतल्यावर काहीच व्हायचं नाही असं नव्हतं. चांगलंच व्हायचं! सॅम्युएल बेकर नावाचे एक इंग्रज प्रवासी नाईलच्या खोऱ्यात हिंडत होते. १८६७ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की प्रवाशाला हॉलोवेच्या गोळ्या फार उपयोगी, कारण त्यांचा रेचक गुण निर्विवाद असल्यामुळे रोग्याची लगेच खात्री पटते. ही शिफारस कंपनीला इतकी आवडली की तीच पुढे जाहिरातीत वापरली.

मला हे वाक्य कळीचं वाटतं. माणसं आंधळेपणाने विश्वास ठेवत नव्हती. त्यांना पुरावा मिळत होता, फक्त तो चुकीच्या गोष्टीचा होता. पोट साफ होतं याचा पुरावा यकृताच्या खात्यावर जमा होत होता.

आणि दुसरा पर्याय तरी काय होता? शतकाच्या पूर्वार्धात पदवीधर डॉक्टरकडे गेलं तर तो रक्त काढायचा, नाहीतर कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध द्यायचा. त्याने दात हलायचे, तोंडाला लाळ सुटायची. वर डॉक्टरची फी कामगाराच्या आवाक्याबाहेर. त्यापुढे सुंठ-साबणाची गोळी स्वस्त, घरबसल्या मिळणारी आणि पाऱ्याहून कितीतरी सौम्य. ती घेणाऱ्या बाईला मी खुळी म्हणायला तयार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तीच घेतली असती.

पण सगळीच औषधं साबणाइतकी भोळी नव्हती.

जॉन कॉलिस ब्राउन हे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतले डॉक्टर. पटकीवर म्हणून त्यांनी एक मिश्रण तयार केलं, त्याचं नाव क्लोरोडाइन. १८५६ मध्ये डेव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्रेत्याबरोबर भागीदारी करून ते बाजारात आणलं. यात काय होतं? अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. वाचूनच गुंगी यावी! जाहिरातीत मात्र ते खोकला, दमा, जुलाब, पटकी, निद्रानाश, मज्जातंतूंच्या वेदना अशा सगळ्यांवर रामबाण. हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबाच्या औषधपेटीत कुनैन आणि क्लोरोडाइन ही जोडगोळी ठरलेली. नकला इतक्या निघाल्या की १८६४ साली खरा जनक कोण यावर लंडनच्या कोर्टात खटला झाला. मग तो निकालसुद्धा जाहिरातीत! मूळ संशोधक आम्हीच, असं न्यायाधीशांनी म्हटलंय, हे पुढे वर्षानुवर्षं छापलं जात होतं.

इथेही पुरावा होताच. अफूने जुलाब थांबतात, कळ थांबते, झोप लागते. पटकीचा माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ते क्लोरोडाइन भरून देत नव्हतं. पण कळ थांबली की उपकार वाटतातच. काहींना मग त्याची सवय लागायची, काही जण जास्त डोस घेऊन जायचे. १८६८ साली ब्रिटनमध्ये विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधनं आली, पण त्या कायद्यातून 'पेटंट' औषधं वगळलेली होती. क्लोरोडाइनच्या बाटलीवर 'विष' हा शब्द लागायला १८९० चं दशक उजाडावं लागलं, तेही कोर्टात जाऊन.

या जाहिराती फक्त औषध विकत नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्या साम्राज्यही विकत होत्या. १८८७ ची पिअर्स साबणाची एक जाहिरात आहे. सुदानचं वाळवंट, मोठा खडक, त्यावर इंग्रजीत लिहिलंय की पिअर्स साबण सर्वोत्तम. समोर भाले घेतलेले स्थानिक लोक थक्क होऊन बघतायत. मथळा काय, तर ब्रिटिश विजयाचं सूत्र! १९०० साली बोअर युद्धात बोव्हरिल या गोमांसाच्या अर्काच्या कंपनीने तर कमाल केली. लॉर्ड रॉबर्ट्सच्या सैन्याची वाटचाल नकाशावर काढली, तर त्यातून म्हणे 'बोव्हरिल' हीच अक्षरं उमटतात. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे त्यांच्या पावलांची अक्षरं जुळवणं चाललं होतं. गोऱ्या घरातल्या मुलाबाळांना काळा माणूस पहिल्यांदा दिसायचा तो बहुधा असा, साबणाच्या नाहीतर चहाच्या कागदावर, आपल्या मालाकडे आ वासून बघणारा.

आपण मात्र नुसते आ वासून बघत बसलो नाही. तंत्र आपणही पटकन उचललं.

पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर सुरू झालं. वैद्याने खलात घोटून पुडीत बांधून द्यायचं औषध कारखान्यातून बाटलीत भरून गावोगाव जाऊ लागलं. मुंबईत १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी अमृतांजन काढलं. गाण्याबजावण्याच्या मैफिलींत ते त्याच्या डब्या फुकट वाटायचे असं सांगतात. त्याच पैशातून त्यांनी १९०८ साली 'आंध्र पत्रिका' हे साप्ताहिक काढलं, तेही मुंबईतूनच. जामनगरहून आतंकनिग्रह गोळ्या यायच्या आणि त्यांच्या जाहिराती सगळ्या भाषांतल्या वर्तमानपत्रांत असायच्या. आणि डोंगरे बालामृत कोणाला ठाऊक नाही? गुटगुटीत बाळ म्हटलं की आमच्या आजीच्या पिढीला तीच बाटली आठवायची. तिकडून ग्राइप वॉटरही आलं, नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये तयार केलेलं. त्याच्या मूळ कृतीत बडीशेपेच्या जातीच्या शेपूचं तेल, सोडा, साखर आणि ३.६ टक्के अल्कोहोल होतं. बाळ शांत झोपायचं यात नवल ते काय!

यातलं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. कपाळाला बाम चोळला की बरं वाटतं, ते अजूनही वाटतं. आणि त्या पैशाचं झालं काय, तेही बघायला हवं. एका बामाने वर्तमानपत्र उभं केलं. हॉलोवेने एगमला मुलींसाठी आलिशान कॉलेज बांधलं, ७७ चित्रं विकत घेऊन तिथे लावली, आणि १८८६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं. रॉयल हॉलोवे म्हणून ते आजही चालू आहे. बीचमचा नातू सर थॉमस बीचम मोठा संगीतकार झाला, त्याने लंडनमध्ये वाद्यवृंद उभे केले. ज्या काळात मुलींना शिकवायला कुणी पैसे देत नव्हतं, त्या काळात रेचकाच्या गोळ्यांनी ते दिले. हे मी कडवटपणे लिहीत नाहीये. माणसाचा हिशोब एका रकान्यात कधी मावत नाही, एवढंच.

आता त्या हसण्याकडे येते.

हा बनाव एवढी वर्षं चालला कसा? नीट बघितलं तर गप्प राहण्यात प्रत्येकाचा काही ना काही फायदा होता. सरकारला दर डबीमागे दीड पेनी मिळत होती, म्हणजे किमतीचा नववा हिस्सा. वर्तमानपत्रं तर या जाहिरातींवर जगत होती. 'सीक्रेट रेमेडीज' निघालं तेव्हा कित्येक वर्तमानपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरात घ्यायलाच नकार दिला, पैसे देऊनसुद्धा! ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? दुकानदाराला अडत होती, सरदार-बिशपांना फुकटची प्रसिद्धी.

बोलण्यात फायदा असलेला एकच माणूस उरतो. ज्याने औषध विकत घेतलं आणि ज्याला गुण आला नाही तो. आणि तो बोलत नव्हता, कारण त्याला लाज वाटायची. आपण फसलो हे सांगायची लाज, आणि काही दुखण्यांच्या बाबतीत दुखण्याचीच लाज. 'गुप्त विकार', 'तरुणपणीच्या चुका', 'टपालाने गुप्तपणे पाठवू' ही भाषा त्या जाहिरातींत उगीच नव्हती. ज्याने औषध चोरून मागवलं तो तक्रार उघडपणे थोडीच करणार! ही लाज हेच त्या धंद्याचं खरं भांडवल. आणि फसलेल्याला जग हसतं तोवर ते भांडवल सुरक्षित असतं.

म्हणूनच मला लुइझा कार्लिल ही बाई फार मोठी वाटते.

१८८९-९० मध्ये इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली आणि पुढची काही वर्षं ती पुन्हा पुन्हा येत राहिली. लंडनच्या एका कंपनीने 'कार्बोलिक स्मोक बॉल' काढला. रबराचा चेंडू, त्यात कार्बोलिक अ‍ॅसिडची पूड, चेंडू दाबला की नळीतून ती पूड नाकात. किंमत दहा शिलिंग. १३ नोव्हेंबर १८९१ च्या 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये जाहिरात आली की सूचनांप्रमाणे दिवसातून तीनदा असं दोन आठवडे हा चेंडू वापरूनही कुणाला इन्फ्लुएंझा झाला, तर त्याला १०० पौंड बक्षीस. आमचा खरेपणा कळावा म्हणून १,००० पौंड रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत ठेवले आहेत.

कार्लिलबाईंनी चेंडू आणला. रोज तीनदा, न चुकता, जवळजवळ दोन महिने ओढला. जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएंझा झालाच. मग बाईंनी १०० पौंड मागितले.

कंपनीची उत्तरं वाचण्यासारखी आहेत. आधी काही दाद नाही. मग म्हणे, फसवाफसवी होऊ नये म्हणून बक्षीस हवं असलेल्याने रोज आमच्या कचेरीत येऊन, आमच्या सेक्रेटरीसमोर चेंडू ओढला पाहिजे. शेवटी कोर्ट. कंपनीच्या वकिलांत अ‍ॅस्क्विथ होते, जे पुढे १९०८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान झाले. बचाव काय, तर ती नुसती जाहिरातबाजी होती हो, कुणी मनावर घ्यायची नसते. सगळ्या जगाशी करार कसा होईल? आणि बाईंनी आपण अट मान्य केल्याचं आम्हाला कळवलं कुठे होतं?

डिसेंबर १८९२ मध्ये अपील कोर्टाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. मनावर घ्यायची नव्हती, तर बँकेत हजार पौंड कशाला ठेवले? शब्द दिलात, तिने अट पाळली, आता पैसे द्या. कायदा शिकणारी आपल्याकडची मुलं आजही करार म्हणजे काय ते शिकताना कार्लिलबाईंना भेटतात. कंपनीच्या मालकाने पुढे १८९३ मध्ये बक्षीस २०० पौंडांवर नेलं, पण अटी मात्र चांगल्या घट्ट आवळल्या. आणि बाई? त्या १९४२ साली वयाच्या ९६ व्या वर्षी गेल्या. मुख्य कारण म्हातारपण, आणि जोडीला इन्फ्लुएंझा!

त्यांच्या बाबतीत मला आवडतं ते हे, की त्यांनी शरम बाळगली नाही. "असल्या जाहिरातीवर विश्वास ठेवलात?" हा प्रश्न त्यांनी उलटवून कंपनीच्या तोंडावर मारला. तुम्ही लिहिलंत, मी वाचलं. आता तुम्ही आपल्या शब्दाला जागा.

पुढचं थोडक्यात सांगते. ब्रिटिश संसदेच्या समितीने या औषधांची चौकशी केली, पण तिचा अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ ला, महायुद्ध जाहीर झालं त्याच दिवशी. कोण वाचतंय! आत काय आहे ते वेष्टणावर लिहायची सक्ती तिथे १९४१ ला झाली. आपल्याकडे रामनाथ चोप्रांच्या समितीने १९३१ साली अहवाल दिला, त्यातून १९४० चा औषध कायदा आला. मग १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, ज्यांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करायचीच नाही. मधुमेह त्या यादीत आहे.

मधुमेह मुद्दाम लिहिला.

आमच्या नात्यातल्या एका काकांनी गेल्या वर्षी जाहिरात बघून साखरेवरची पावडर मागवली. कोण ते सांगत नाही, ते हे वाचणार आहेत. ९० दिवसांत गोळ्या बंद, फरक न पडल्यास पैसे परत. काकांनी गोळ्या स्वतःहून बंद केल्या. महिन्याभरात साखर चारशेच्या वर, आणि चार दिवस दवाखान्यात. आता बरे आहेत. पण तेव्हापासून लग्नकार्यात, घरच्या ग्रुपवर एकच थट्टा चालू आहे. "एवढे बँकेत मॅनेजर होते, आणि पावडरीला भुलले!"

भुलले का, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. डॉक्टरांकडे दीड तास बसल्यावर दोन मिनिटं मिळायची, आणि त्यातही डॉक्टर कागदाकडे बघून बोलायचे. पावडरवाल्यांकडून मात्र रोज संध्याकाळी एका मुलीचा फोन यायचा. "काका, आज कसं वाटतंय? फिरून आलात का?" काकू जाऊन तीन वर्षं झालीत. रोज संध्याकाळी 'कसं वाटतंय' विचारणारं दुसरं कोण होतं, हे आपण सगळ्यांनी जरा आठवून बघावं.

ती डबी मी बघितली. पाच वनस्पतींची नावं आहेत, प्रमाण एकाचंही नाही. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की हे औषध नाही, अन्नपूरक आहे. जाहिरातीत हे वाक्य कुठेच नव्हतं. सुंठ-साबणाच्या डबीपासून आपण नेमके किती पुढे आलो, ते सांगा.

कुणी म्हणेल, ही आयुर्वेदावर टीका आहे. अजिबात नाही. बीचम काही वैद्य नव्हते आणि क्लोरोडाइन तर फौजी डॉक्टरचं. काढा असो, कॅप्सूल असो, प्रश्न एकच. आत काय आहे, किती आहे, आणि दिलेल्या शब्दाला तुम्ही बांधील आहात का?

ज्याला लपवण्यासारखं काही नाही, त्याला हा प्रश्न जड जात नाही. ज्या पटकीसाठी क्लोरोडाइन निघालं, तिच्यावरचा खरा उतारा सापडला तो मीठ-साखर-पाण्यात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणलं. आज त्या पुडीवर सगळं छापलेलं असतं, एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. गुपित काही नाही, मालक कुणी नाही. आणि तरी बघा, त्याच 'ओआरएस' नावाखाली भरमसाट साखरेची पेयं खोक्यांतून विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याविरुद्ध झगडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. हे झालं, कारण आजारी मुलांच्या आयांना न हसता त्या बाईंनी खोका उलटा करून वाचला.

असो. बरंच लांबलं. घरच्या मंडळींना दोनच विनंत्या. एक, असं काही मागवायच्या आधी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो ग्रुपवर टाका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नका. दुसरी, काकांची थट्टा आता पुरे. आपण हसतो तोवर ते तक्रार करणार नाहीत, आणि त्या कंपनीला याहून जास्त काही नको आहे.

आणि काका, तुमच्यासाठी. डबी, पावती आणि जाहिरातीचा फोटो माझ्याकडे आहे. 'फरक न पडल्यास पैसे परत' हे त्यांनीच लिहिलंय, आपण नाही. रविवारी येते, दोघं मिळून पत्र लिहू. पैसे येतील की नाही माहीत नाही. पण आधी चहा करा, आणि मला सांगा, आज कसं वाटतंय?